एका कानाचा हिशेब : वाचकांचे प्रश्न, संख्याशास्त्राची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या स्तंभाकडे आलेली बरीच पत्रे ऐकू येण्यासंबंधीच्या उपचारांची आहेत आणि त्या साऱ्यांच्या मुळाशी एकच विचारणा आहे : शेकडो रुग्णांवर औषधाचा काय परिणाम झाला ते राहू द्या, माझ्यावर झाला की नाही हे मी कसे ओळखावे? मी संख्याशास्त्राचा अभ्यासक आहे, कानाचा डॉक्टर नाही. त्यामुळे कोणते औषध घ्यावे वा सोडावे हे मी सांगणार नाही. हाती आलेल्या आकड्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, एवढ्यापुरतीच ही उत्तरे आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांना ऐकू कमी येते. उपचारापूर्वी त्यांच्या उजव्या कानाचा ४००० हर्ट्झवरील उंबरठा ६५ डेसिबल होता, तीन महिन्यांच्या उपचारानंतर तो ५५ झाला आहे. दोन्ही कानांचे बाकीचे आकडे जवळपास पूर्वीसारखेच आहेत, कुठे पाचने वर तर कुठे पाचने खाली. ही दहा डेसिबलची सुधारणा खरी मानावी का?

उत्तर : ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, हाती पडला की त्यावरचे आकडे फार ठाम वाटतात, म्हणून ते कसे तयार होतात हे आधी पाहू. बंद खोलीत बसलेल्या व्यक्तीला हेडफोनमधून बारीक सूर ऐकवला जातो. ऐकू आला की तिने बटण दाबायचे. प्रतिसाद मिळाला की आवाज दहा डेसिबलने उतरवतात, न मिळाल्यास पाचने चढवतात, आणि चढत्या बाजूने जाताना ज्या सर्वांत खालच्या पातळीला निदान निम्म्या वेळा बटण दाबले जाते ती पातळी उंबरठा म्हणून नोंदवतात. म्हणजे मोजपट्टीवरच्या खुणाच मुळात पाच-पाचच्या अंतराने आहेत. ज्याचा खरा उंबरठा ५८ च्या आसपास आहे, त्याच्या कागदावर एकदा ५५ आणि एकदा ६० येणे अगदी स्वाभाविक आहे. त्यात हेडफोन थोडा सरकला, त्या दिवशी थकवा असला, किंवा कानात सतत सूर वाजत असल्यामुळे यंत्रातला कोणता आणि आपला कोणता हे कळेनासे झाले, की आणखी फरक पडतो.

हा फरक किती असतो? त्याच माणसाची, त्याच कानाची, कोणताही उपचार न करता काही दिवसांच्या अंतराने पुन्हा चाचणी घेतली, तर एका कंप्रतेवरील (म्हणजे ४००० हर्ट्झसारख्या एका सुरावरील) दोन आकड्यांतील फरकाचे प्रमाण विचलन, म्हणजे फैलावाचे माप, ढोबळमानाने पाच डेसिबल भरते. याचा अर्थ असा की काहीही बदललेले नसताना शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव वेळा दोन आकडे एकमेकांपासून दहा डेसिबलच्या आत राहतात. आपल्या वडिलांची दहा डेसिबलची सुधारणा बरोबर या सीमारेषेवर उभी आहे.

पण माझी खरी हरकत दुसरीच आहे. आपल्या पत्रात ४००० हर्ट्झचाच उल्लेख आला, कारण बदल तिथे दिसला. तो डाव्या कानात १००० हर्ट्झवर दिसला असता तर पत्रात तो आला असता. दोन कान आणि प्रत्येकी सहा कंप्रता, म्हणजे २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत एकूण बारा आकडे होतात. प्रत्येक आकड्याने केवळ योगायोगाने फसवण्याची शक्यता फक्त पाच टक्के धरली आणि हे आकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत असे मानले, तरी बारांपैकी निदान एक आकडा फसवण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के होते. फसवा बदल सुधारणेच्या बाजूने असेल तर आपण औषधाला श्रेय देतो आणि उलट्या बाजूने असेल तर ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून देतो, हा मनुष्यस्वभाव या हिशेबात धरलेलाच नाही.

म्हणूनच तज्ज्ञांचे निकष एकट्या आकड्यावर फारसा विश्वास टाकत नाहीत. काही औषधांनी कानाला इजा होते; ती वेळीच ओळखण्यासाठी अमेरिकेतील वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये असा निकष दिला की, एकाच कंप्रतेवर बदल दिसत असेल तर तो २० डेसिबल किंवा अधिक हवा, लगतच्या दोन कंप्रतांवर दिसत असेल तर १० डेसिबलही पुरे, किंवा पूर्वी प्रतिसाद मिळत असलेल्या लागोपाठच्या तीन कंप्रतांवरचा प्रतिसाद नाहीसा झालेला असावा; शिवाय पुन्हा चाचणी घेऊन त्याची खातरजमा व्हावी. हा निकष बिघाडासाठी केलेला आहे, पण त्यामागचे तर्कशास्त्र सुधारणेलाही तसेच लागू पडते. त्या कसोटीवर वडिलांची सुधारणा उतरत नाही. ती झालीच नाही असे मी म्हणत नाही. ती झाली असे या दोन कागदांवरून म्हणता येत नाही, एवढेच.

यावर करण्यासारखी गोष्ट सोपी आहे. आठवड्याच्या अंतराने आणखी दोन चाचण्या, शक्यतो त्याच खोलीत आणि त्याच यंत्रावर, करून घ्या. तिन्ही वेळा ५५ च्या आसपासच आकडा आला, तर निदान उपचारानंतरची बाजू पक्की होईल. उपचारापूर्वीची बाजू मात्र आता कायमची एकाच कागदावर टेकून राहणार, आणि आलेल्या बहुतेक सर्व पत्रांत मला हीच उणीव दिसते. उपचारानंतर लोक पुन्हा पुन्हा चाचण्या करतात. उपचार सुरू करण्यापूर्वी दोनदा चाचणी घेतलेला रुग्ण विरळा. शिवाय कानात मळ साचला असेल किंवा सर्दीने मध्यकर्णात द्रव असेल, तर तेवढ्यानेच आकडे दहा, वीस, कधी तीस डेसिबलनेही हलतात. म्हणून हाडामार्गे, म्हणजे मध्यकर्ण टाळून सूर थेट अंतर्कर्णापर्यंत पोचवून, घेतलेल्या चाचणीचे आकडेही दोन्ही कागदांवर आहेत का, ते पाहा.

प्रश्न : श्रवणहानीची माझी श्रेणी ‘मध्यम’ होती, ती आता ‘सौम्य’ झाली आहे. याला तरी सुधारणा म्हणता येईल ना?

उत्तर : श्रेणी नव्हे, आकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात दोहोंपैकी चांगल्या कानाच्या उंबरठ्यांची सरासरी २० ते ३५ डेसिबलच्या आत असेल तर सौम्य आणि ३५ ते ५० च्या आत असेल तर मध्यम अशी विभागणी आहे. ३६ चे ३४ झाले की श्रेणी बदलते आणि ४९ चे ३६ झाले तर बदलत नाही. पहिल्यात काही घडलेले नाही, दुसऱ्यात बहुधा घडले आहे.

प्रश्न : मला सूर ऐकू येतात, पण बोलणे समजत नाही. उपचारापूर्वी शब्द ओळखण्याच्या चाचणीत मला ४८ टक्के गुण होते, आता ६४ टक्के आहेत. ऑडिओग्राम मात्र तसाच आहे. सोळा टक्क्यांची वाढ लहान कशी म्हणावी?

उत्तर : टक्केवारी बाजूला ठेवून शब्द मोजा. आपण सोबत पाठवलेल्या कागदावरून यादी २५ शब्दांची दिसते. त्यांतले पूर्वी १२ बरोबर आले होते, आता १६ आले. सगळी वाढ चार शब्दांची आहे.

निम्म्याच्या आसपास गुण असलेल्या माणसासाठी प्रत्येक शब्द हा जवळजवळ नाणेफेकीसारखा असतो. काही शब्द त्याला हटकून कळतात, काही कधीच कळत नाहीत, पण मधले बरेचसे शब्द त्या क्षणी लक्ष कुठे होते यावर ठरतात. पंचवीस वेळा नाणे उडवल्यावर एकदा १२ छापे आणि दुसऱ्यांदा १६ छापे पडले, तर नाणे बदलले असे कोणी म्हणत नाही. ही साधी कल्पना घेऊन थॉर्न्टन आणि रॅफिन या संशोधकांनी १९७८ मध्ये द्विपद वितरणावर आधारलेली कोष्टके प्रसिद्ध केली. पहिल्या चाचणीत अमुक गुण असतील, तर काहीही न बदलता दुसऱ्या चाचणीत ते कुठून कुठपर्यंत जाऊ शकतात, हे त्यांवरून थेट वाचता येते. एकट्या रुग्णाच्या कानाविषयी संख्याशास्त्राने दिलेले इतके उपयोगी साधन दुसरे क्वचितच असेल, आणि ते इतके कमी वापरले जावे याचे मला नवल वाटते.

त्या हिशेबाने, गुण पन्नास टक्क्यांच्या जवळपास असताना २५ शब्दांच्या दोन याद्यांमध्ये सुमारे २८ गुणांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. यादी ५० शब्दांची असेल तर ही मर्यादा सुमारे २० गुणांवर येते आणि १०० शब्दांची असेल तर सुमारे १४ गुणांवर. यादी चौपट केली की अनिश्चितता निम्मी होते. आपले १२ वरून १६ वर जाणे हे काहीच बदललेले नसतानाही साधारण सहापैकी एकदा घडेल. हेच ४८ आणि ६४ गुण शंभर शब्दांच्या याद्यांवर आले असते, तर मी बदल खरा मानण्याकडे झुकलो असतो.

मर्यादा सर्वत्र सारखी नसते, हेही ध्यानात घ्यावे. नव्वद टक्क्यांच्या आसपास ती बरीच अरुंद होते, कारण तिथे बहुतेक शब्द हटकून कळत असतात. पण तिथे वर जायला जागाच उरत नाही. ज्याचे गुण आधीच ९६ आहेत त्याला जगातले कोणतेही औषध या चाचणीत सुधारू शकत नाही. दुसरे असे की, हे गणित दोन्ही याद्या सारख्याच अवघड होत्या आणि आवाजाची पातळी दोन्ही वेळा तीच होती असे गृहीत धरते. दुसऱ्यांदा आवाज मोठा ठेवला गेला असेल, एकदा शब्द ध्वनिमुद्रणातून आणि एकदा तपासनिसाच्या तोंडून ऐकवले गेले असतील, किंवा तीच यादी पुन्हा वापरली गेली असेल, तर कोष्टक उघडण्याचीसुद्धा गरज नाही.

प्रश्न : एका सकाळी उठल्यावर माझ्या डाव्या कानाने ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू झाले आणि तीन आठवड्यांत ऐकू येणे बहुतांशी परत आले. सरासरी ७० डेसिबलवरून ३० वर आली. आता एक डॉक्टर म्हणतात की पुष्कळांचे आपोआपही बरे होते. मग मी औषधाने बरा झालो की नाही?

उत्तर : आपल्या बाबतीत पहिल्या पत्रातली अडचण मुळीच नाही. चाळीस डेसिबलचा बदल मोजण्याच्या चुकीतून येत नाही. तो घडला आहे. अडचण आहे ती पुढच्या प्रश्नाची. ‘बदल झाला का’ आणि ‘तो उपचारामुळे झाला का’ हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आपल्या कागदपत्रांत आहे, दुसऱ्याचे नाही आणि असू शकतही नाही, कारण स्टेरॉइड न घेतलेले आपण अस्तित्वात नाही.

बहात्तर तासांच्या आत, लागोपाठच्या तीन कंप्रतांवर निदान ३० डेसिबलने ऐकू येणे कमी झाले, तर त्याला आकस्मिक श्रवणहानी म्हणतात. उपचाराशिवाय काही प्रमाणात बरे होणाऱ्यांचे प्रमाण जुन्या अभ्यासांत ३२ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत दिलेले आढळते, आणि ही सुधारणा बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होते, म्हणजे ज्या काळात औषध चालू असते त्याच काळात. त्यामुळे ‘औषध घेतले आणि बरे वाटू लागले’ हा अनुभव दोन्ही शक्यतांमध्ये हुबेहूब सारखा असतो.

तरीही अगदीच काही सांगता येत नाही असे नाही. केवळ समजण्यासाठी आकडे कल्पू या. औषधाशिवाय शंभरातले ५० बरे होतात, औषधाने ६५ बरे होतात आणि औषधामुळे कोणाचेही बरे होणे अडत नाही, असे समजा. मग औषध घेऊन बऱ्या झालेल्या ६५ जणांपैकी १५ जणांचे बरे होणे औषधामुळे आहे आणि ५० जण तसेही बरे झाले असते. आपण त्या ६५ पैकी एक आहात. आपले बरे होणे औषधामुळे असण्याची शक्यता ६५ मध्ये १५, म्हणजे सुमारे २३ टक्के. आपण त्या पंधरांतले की पन्नासांतले, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. हा आकडा काढायलाही दोन गटांची तुलना लागली. आपला एकट्याचा कान कितीही काळजीपूर्वक मोजला असता तरी तो मिळाला नसता.

एका गोष्टीची गल्लत मात्र होऊ देऊ नका. श्रेय कोणाचे हे ठरवता येत नाही, म्हणून उपचाराला उशीर करावा असा निष्कर्ष यातून निघत नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेरॉइडचा पर्याय पहिल्या दोन आठवड्यांत देता येतो. एका बाजूने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे हेच योग्य. आपण तिसऱ्या दिवशी उपचार सुरू केलेत, हा निर्णय त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर बरोबर होता आणि आजही बरोबर आहे.

प्रश्न : मला मेनिएरचा, म्हणजे अंतर्कर्णाचा एक आजार आहे. चक्करचे झटके इतके वाढले की मी हवालदिल होऊन डॉक्टरांकडे गेले. बीटाहिस्टीन सुरू केल्यापासून दोन महिन्यांत झटके निम्म्याहून कमी झाले आहेत. हा औषधाचा गुण नव्हे तर काय?

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तराचा अर्धा भाग आहे : झटके वाढले तेव्हा आपण गेलात. या आजारात चांगले आणि वाईट काळ आलटून पालटून येतात. माणूस उपचाराला जातो तो वाईट काळाच्या शिखरावर, आणि शिखरावरून पुढची वाट बहुधा उताराचीच असते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना जी गोष्ट दाखवली, तीच इथे घडते : टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सरासरीकडे झुकते. त्याला कोणत्याही कारणाची गरज नसते, पण त्या वेळी जे औषध चालू असेल ते कारण वाटू लागते.

बीटाहिस्टीनचीच एक मोठी चाचणी जर्मनीत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २२१ रुग्णांना नऊ महिने कमी मात्रेचे औषध, जास्त मात्रेचे औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी, यांपैकी एक देण्यात आले. झटके तिन्ही गटांत कमी झाले, आणि सारख्याच प्रमाणात कमी झाले. प्लासिबो गटातल्या रुग्णांनी पत्रे लिहिली असती, तर त्यांतली कित्येक पत्रे आपल्या पत्रासारखीच असती.

शस्त्रक्रियाही याला अपवाद नाही. १९८१ मध्ये डेन्मार्कमधील शल्यचिकित्सकांनी ३० रुग्णांपैकी निम्म्यांवर या आजारासाठी केली जाणारी अंतर्कर्णातील पिशवीची शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांवर त्यातला मुख्य भाग वगळून केवळ कानामागचे हाड कोरण्याची क्रिया केली. दोन्ही गटांतल्या बहुसंख्य रुग्णांना बरे वाटले. गंमत अशी की पुढे २००० साली त्याच आकड्यांचे पुन्हा विश्लेषण करणाऱ्यांना खऱ्या शस्त्रक्रियेच्या बाजूने फरक दिसला. पंधरा-पंधरा रुग्णांच्या गटांवरून एकमत होणे किती कठीण असते, याचाच तो नमुना म्हणावा. औषध चालू ठेवायचे की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. रोजची नोंद मात्र आजपासून ठेवा, कारण पुढच्या वेळी औषध थांबवले किंवा बदलले गेले, तर तुलनेला काहीतरी हाताशी असेल.

प्रश्न : कर्णनादाच्या (कानात सतत वाजणाऱ्या आवाजाच्या) प्रश्नावलीत माझे गुण ५८ होते, ते ४६ झाले. एके ठिकाणी वाचले की निदान २० गुणांची घट हवी, दुसरीकडे वाचले की ७ गुणही पुरेत. दोन्ही बरोबर कसे?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ही २५ प्रश्नांची, शून्य ते शंभर गुणांची प्रश्नावली १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याच कर्त्यांनी नंतर ती त्याच लोकांकडून पुन्हा भरून घेतली, तेव्हा एका व्यक्तीच्या गुणांत २० पर्यंतचा फरक निव्वळ उत्तरांच्या चढउतारातून पडू शकतो असे दिसले. सातचा आकडा २०११ च्या अभ्यासातला आहे आणि तो वेगळ्या वाटेने आला : ‘थोडे बरे वाटते’ असे स्वतः सांगणाऱ्या रुग्णांचे गुण सरासरीने किती उतरतात, हे तिथे पाहिले होते.

म्हणजे सात ही जाणवण्याची मर्यादा आहे आणि वीस ही खात्रीची. दोन गटांच्या सरासरीत सात गुणांचा फरक असेल तर तो मोलाचा ठरू शकतो, कारण सरासरी घेताना व्यक्तीव्यक्तींचे चढउतार एकमेकांना छेदतात. एकट्या व्यक्तीच्या बाबतीत छेदायला दुसरे कोणी नसते. मानसोपचारांच्या क्षेत्रात जेकबसन आणि ट्रुअक्स यांनी १९९१ मध्ये याच कारणासाठी एक निर्देशांक सुचवला : व्यक्तीच्या गुणांतील बदलाला मोजमापाच्या स्वाभाविक चढउताराने भागावे आणि उत्तर १.९६ पेक्षा मोठे आले तरच बदल विश्वसनीय मानावा. आपली १२ गुणांची घट या हिशेबाने विश्वसनीय नाही. आपल्याला बरे वाटत असेल तर त्यासाठी कोणत्याही निर्देशांकाची परवानगी लागत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण त्या आधारावर महागडा उपचार पुढे चालू ठेवायचा असेल, तर आणखी दोनदा प्रश्नावली भरून पाहावी.

प्रश्न : बहिरेपणावरच्या जनुक-उपचाराची बातमी सहा मुलांवरच्या प्रयोगाने जगभर झाली. दुसरीकडे, अंतर्कर्णातील पेशी पुन्हा उगवण्यासाठीचे एक औषध काही रुग्णांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसूनही शेवटी निकामी ठरले. सहा मुले पुरतात आणि पुष्कळ प्रौढ पुरत नाहीत, हा न्याय कुठला?

उत्तर : या महिन्याच्या पत्रांतला हा मला सर्वांत आवडलेला प्रश्न आहे.

शांघायच्या फुदान विद्यापीठातील गटाचा जो अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातली मुले ओटोफर्लिन नावाचे प्रथिन तयार न झाल्यामुळे जन्मतः बहिरी होती. सहापैकी पाच मुलांचे ऐकू येणे सुधारले आणि त्यांच्यातली सुधारणा ४० ते ५७ डेसिबलची होती. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या. बदल मोजमापाच्या चुकीच्या कित्येक पट मोठा होता. तो मोजताना मेंदूच्या खोडातील विद्युत-प्रतिसादही नोंदवला होता, ज्यात बटण दाबण्याचा किंवा अंदाजाचा प्रश्नच येत नाही. आणि या प्रकारचा जन्मजात, तीव्र बहिरेपणा आपोआप बरा होत नाही. म्हणजे आकस्मिक श्रवणहानीच्या पत्रात जो गट आपल्याला कल्पावा लागला, त्याचा निकाल इथे आधीच ठाऊक आहे. शिवाय औषध एकाच कानात दिलेले असल्यामुळे प्रत्येक मुलाचा दुसरा कान तुलनेला जागेवर होता. अशा वेळी एकेक रुग्ण हा स्वतंत्र पुरावा ठरतो आणि संख्याशास्त्रज्ञाला फारसे काम उरत नाही.

आपण म्हणता ते दुसरे औषध बहुधा एफएक्स-३२२ असावे. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत १५ जणांना औषध आणि ८ जणांना प्लासिबो दिले होते. तिथे ऑडिओग्राम विशेष हलला नाही, पण औषध मिळालेल्या काही जणांचे शब्द ओळखण्याचे गुण, वर सांगितलेल्या थॉर्न्टन-रॅफिन पद्धतीच्या मर्यादेपलीकडे गेले. आशा वाटण्याजोगीच ही गोष्ट होती. पण २०२१ मध्ये ९५ रुग्णांच्या पुढच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा औषध आणि प्लासिबो यांत फरक दिसला नाही. प्लासिबो गटाचे गुणही अनपेक्षितपणे वाढले होते, आणि चाचणीच्या रचनेमुळे निकालात पूर्वग्रह शिरला असावा असे कंपनीनेच सांगितले. २०२३ मध्ये त्यापुढची चाचणीही अपयशी ठरली आणि औषधाचे काम थांबवण्यात आले.

खरे औषध न मिळालेल्या माणसाचे गुण कसे वाढतात? चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी आधीचे गुण पुरेसे कमी असावे लागतात. ज्या माणसाला नव्या औषधाची आस लागली आहे आणि प्रवेशाची अट ठाऊक आहे, तो पहिल्या चाचणीत कदाचित नकळतच कमी प्रयत्न करतो. आणि तसे कोणी केले नाही तरी केवळ त्या दिवशी नशिबाने कमी गुण पडलेले लोक निवडीत जास्त येतात, आणि पुढच्या वेळी ते आपल्या नेहमीच्या पातळीवर परततात. थॉर्न्टन-रॅफिनची मर्यादा यादृच्छिक चढउतारापासून आपले रक्षण करते; निवडीतून आलेल्या चढउतारापासून नाही. म्हणून ‘इतक्या जणांना गुण आला’ असे वाचले की प्लासिबो गटात तितक्याच कडक निकषाने कितीजणांना गुण आला, ते शोधावे. त्याचा उल्लेखच नसेल तर बातमी तिथेच मिटून ठेवावी.

आणखी एक कसोटी जाता जाता सांगतो, कारण ती सहसा सांगितली जात नाही. औषध काहींना पुष्कळ लागू पडते आणि बाकीच्यांना मुळीच नाही, असा दावा खरा असेल, तर औषधाच्या गटातील बदलांचा फैलाव प्लासिबो गटातील फैलावापेक्षा मोठा दिसायला हवा. दोन्ही गटांत फैलाव सारखाच असेल, तर ‘लागू पडलेले’ म्हणून वेगळे काढलेले रुग्ण हे बहुधा केवळ त्या फैलावाचे वरचे टोक असते.

प्रश्न : माझ्या श्रवणयंत्रात तज्ज्ञांनी नवा, गोंगाट कमी करणारा प्रोग्राम घालून दिला आहे. तो मला जुन्यापेक्षा चांगला वाटतो, पण नवा आहे म्हणून तर वाटत नसेल ना? हे मी स्वतःपुरते तपासू शकते का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात लोकांना दोन श्रवणयंत्रे देऊन त्यांतले एक ‘नवे’ असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात दोन्ही अगदी एकसारखी होती. लोकांनी ‘नव्या’ला पसंती तर दिलीच, पण गोंगाटातले शब्द ओळखण्याचे त्यांचे गुणही ‘नव्या’ यंत्रावर अधिक आले.

आणि हो, आपण तपासू शकता. इथे आपली परिस्थिती वरच्या सर्व पत्रलेखकांपेक्षा अनुकूल आहे, कारण प्रोग्राम हवा तेव्हा बदलता येतो, त्याचा परिणाम लगेच दिसतो आणि काढून घेतला की मागे फारसे काही उरत नाही. गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एकाच रुग्णावरच्या यादृच्छिक चाचणीची जी पद्धत मांडली, ती अशाच प्रसंगांसाठी आहे. बारा आठवडे घ्या आणि त्यांच्या सहा जोड्या करा. प्रत्येक जोडीत एका आठवड्याला जुना आणि एका आठवड्याला नवा प्रोग्राम असावा, आणि आधी कोणता हे दर वेळी नाणे उडवून ठरावे. हे नाणे आपण उडवू नये. तज्ज्ञांनी किंवा घरातल्या कोणी उडवून प्रोग्राम बसवून द्यावा आणि यंत्रावरचे बटण आपल्यापुरते बंद ठेवावे. दर रात्री त्या दिवशीच्या ऐकण्याला दहांपैकी गुण द्या आणि आठवड्याची सरासरी काढा.

शेवटी सहाही जोड्यांत एकाच प्रोग्रामची सरासरी वरचढ ठरली, तर तसे योगायोगाने घडण्याची शक्यता ३२ मध्ये १, म्हणजे सुमारे तीन टक्के आहे. सहापैकी पाच जोड्या एका बाजूला आल्या, तर मात्र ती एकदम ३२ मध्ये ७ होते, आणि तेवढ्यावर मी पैज लावणार नाही. नाणेफेकीचा क्रम लिहिलेला कागद पाकिटात बंद असावा आणि बाराव्या आठवड्याची शेवटची नोंद वहीत उतरेपर्यंत ते पाकीट उघडू नये. मधेच डोकावलात, तर त्या आठवड्यापासून पुढच्या जोड्या मोजण्यात अर्थ नाही.